आत्याचं अंगण

आठवड्याचे सहा दिवस मी हिरवळ विकतो.
सतरंजीसारखी गुंडाळलेली, ट्रकवर रचलेली,
मॅकॉनच्या नव्या वसाहतींत फुटाच्या भावानं अंथरतो,
पाणी कधी घालायचं त्याचा छापील कागद देतो
आणि निघतो.
सातव्या दिवशी आत्याकडे जातो, गवत उपटायला.

ल्युव्हीनियाआत्याच्या दारापुढे गवताची काडी नाही.
कधीच नव्हती. नुसती लाल माती, झाडलेली.
तिच्या आईनं अशीच ठेवली, आईच्या आईनंही,
दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होती तेव्हासुद्धा.
साप आला तर दिसायला हवा.
रात्री कोण येऊन गेलं, सकाळी पावलांवरून कळायला हवं.
ही दोन कारणं ती सांगते.
तिसरं विचारलं तर म्हणते, शेंगा खा, गार होतायत.

मार्चात तिचा खुबा बदलला.
तेव्हापासून ती व्हरांड्यात, वॉकर शेजारी,
हातात माश्या मारायची जाळी,
आणि त्या जाळीनं दाखवते:
तिथे. नाही, तिथे. डोळे गहाण ठेवलेस का?

लव्हाळ्याची पात ओढली तर पातच येते हातात,
गाठ खाली राहते, पुढच्या रविवारी तिच्या तीन होतात.
हरळी कुंपणाखालून येते,
शेजारच्या प्रुइटच्या लॉनमधून,
जे गेल्या वर्षी मीच अंथरलं.
आत्याला हे माहीत आहे. बोलत नाही.
जाळी त्या कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ रोखलेली असते, एवढंच.

मग झाडायचं. डॉगवुडच्या फांद्या, तारेनं बांधलेल्या,
दारापासून मागे मागे सरकत, आपलीच पावलं पुसत,
शेवटी आपण फाटकाशी उभे
आणि पाण्याचा ग्लास तिकडे, व्हरांड्यात.

जूनमध्ये पाठ धरली.
कंपनीची टाकी ट्रकमध्ये होतीच:
तण आणि किडे, एकाच फवाऱ्यात, नव्वद दिवसांची हमी.
बुधवारी रात्री, तिची खिडकी काळोखी झाल्यावर,
गाडीचे दिवे बंद ठेवून आलो.
वीस मिनिटं लागली.
जाताना पावलं पुसली, सवयीनं.

रविवारी एक पातही नव्हती.
आत्या बराच वेळ गप्प. जाळी मांडीवर.
मग म्हणाली, ते उलटे चालणारे कुठे गेले?

पायरीच्या कडेला, जिथे पाऊस पोचत नाही,
पिठासारख्या मातीत त्यांचे खळगे असायचे, अंगठ्याएवढे.
लहानपणी मी तिथे पालथा पडून काडीनं कड ढवळायचो,
हाका मारायचो, बाहेर ये, जेवायला वाढलंय.
खळगे होते. कडा ढासळलेल्या.
तळाशी काही हलत नव्हतं.
पंपापासून पायरीपर्यंतची मुंग्यांची रांगही नव्हती.

मी म्हणालो, उन्हाळा आहे.
हो, ती म्हणाली, जॉर्जियात नवीनच आलाय.
आणि आत जाता जाता, वॉकरवर वाकून, माझ्याकडे न बघता:
मोकळी ठेव म्हटलं होतं रे मी.

जुलैभर येत राहिलो. उपटायला काही नव्हतं.
झाडायचो. धूळ उडायची आणि तिथेच बसायची.
शेंगा उकडलेल्या नसायच्या.
प्रुइट कुंपणावरून म्हणाला, छान दिसतंय.
मी मान डोलावली. त्याला आमचा कागद दिला नाही.

ऑगस्ट सरताना दोन दिवस पाऊस लागला.
हमी संपायला अजून दोन आठवडे होते.
पंपाच्या सिमेंटला चीर आहे, तिथे,
लाल देठ, जाड पानं, घोळ,
नखाएवढी. पानं मोजली. चार.
आणि पानाखालून एक मुंगी, एकच, घाईत.

मी गुडघ्यांवर बसलो, ओरडलोच,
आत्या! तण उगवलं!

आतून वॉकरचा आवाज. एक पाय. थांबणं. दुसरा पाय.
ती पायरीच्या टोकापर्यंत आली,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

मग जाळी उचलली.
बघतोस काय, म्हणाली. काढ.